घरात पाणी येतं का?

त्या पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. खालापूरच्या बाजूला, एक्सप्रेसवेवरच्या गाड्यांचा घूं घूं आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, नदीच्या वळणात सात घरं आहेत, एवढं पुरे. पूर येण्याआधी त्या सात घरांना हलायचा निरोप जायचा की नाही, हे माझ्या नकाशावरून ठरणार होतं. निरोप गेला नाही, आणि त्यात एक म्हातारी गेली. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दडवून ठेवायचं आणि मग वाचणाऱ्याला दचकवायचं, असलं मला जमत नाही आणि आवडतही नाही.

मी कर्जतच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्या घरात आजोबा मास्तर, वडील मास्तर आणि मी बाई. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा रोग रक्तातलाच. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या पुराचा नकाशा करायला घेतला. संगणकावर नकाशे करणारं जवळपासचं कुणी हवं म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी एका पायावर तयार झाले. फळ्यावर खडूनं नद्या काढून काढून माझा जीव कंटाळला होता.

काम सांगायला सोपं होतं. कुठल्या वाडीपाड्यात पुराचं पाणी शिरतं ते शोधायचं आणि तिथं नकाशावर निळा रंग भरायचा. निळ्या वस्त्यांची यादी होणार. मोठ्या पावसाचा इशारा आला, की यादीतल्या वस्त्यांना पोलीस पाटलाचा फोन जाणार आणि माणसं वेळेत शाळेच्या इमारतीत हलणार. निळ्याला फोन, पांढऱ्याला नाही.

पावसाळ्यात साध्या उपग्रहाला ढगांपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून आम्ही रडारची चित्रं वापरायचो. रडार वरून लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. घरं, झाडं, कातळ यांच्यावर आपटून लहर परत येते. चित्रात तिथं उजळ दिसतं. संथ, सपाट पाण्यावर पडलेली लहर घसरून भलतीकडेच निघून जाते, तिथं काळं. जिथून काही परत येत नाही ते पाणी, असं मी वर्गात मोठ्या हौसेनं सांगायचे. आता ते वाक्य मी गाळते.

पण आपल्याकडे जुलैत काळं दिसत नाही असं असतं तरी काय? लावणीचे दिवस, प्रत्येक खाचर काठोकाठ भरलेलं. वरून पाहिलं तर भाताचं पाणीही काळं आणि पुराचं पाणीही काळं. सॉफ्टवेअरला कितीही अक्कल असू दे, लावणी आणि आपत्ती यांतला फरक त्याला कळत नाही. त्या सात घरांवरही आदल्या पावसाळ्यातल्या एका चित्रात काळा डाग होता, नदीकडून आत आलेला, जिभेसारखा. भोवती चहूबाजूंनी शेती. मग तो पूर की खाचरं? असे डाग शेकड्यांनी होते. त्यांचा निकाल एकाच मार्गानं लागत होता. उठायचं, तिथं जायचं आणि माणसांना विचारायचं.

विचारायच्या प्रश्नांचा कागद संस्थेकडून आला. त्यात पहिलाच प्रश्न असा होता: ‘आपल्या निवासस्थानी पुराच्या पाण्याचा शिरकाव होतो काय?’ माझं डोकंच फिरलं. निवासस्थानी म्हणे! शिरकाव म्हणे! अहो, भाताच्या बांधावर उभ्या असलेल्या बाईला हे विचारायचंय, न्यायालयात नाही. मी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘घरात पाणी येतं का?’ चार शब्द, लख्ख मराठी. आमच्या प्रकल्पप्रमुखांना फोन करून मी ते वाचूनसुद्धा दाखवलं. ते म्हणाले, वा. मी दोन दिवस स्वतःवर खूश होते.

पाड्यावर मी गेले ती मे महिन्यात. दुपारचे बारा वाजून गेलेले, स्कूटीची सीट तापलेली, आणि त्या दिवशी मला अजून चार वस्त्या उरकायच्या होत्या. आधी वरच्या वाडीत गेले. तिथं एक बाई दारातच भेटली. घरात पाणी येतं का, विचारलं तर म्हणाली, “येतं की. धो धो येतं.” मी हातातल्या टॅबवर बरोबरची खूण केली. किती चढतं, हा रकाना पुढच्या फेरीत भरायचं ठरलं होतं. मग खाली उतरून सात घरांच्या पाड्यात आले.

पहिल्याच घराच्या पडवीत म्हातारी बसली होती. पाय लांब पसरलेले, गुडघ्यांना तेल चोळत होती. मागच्या दाराशी तिची सून भांडी घासत होती. मी ओळख सांगितली, आजींनी पाट सरकवला.

“आजी, घरात पाणी येतं का?”

“नाय गं बाय. कवाच नाय आलं.”

“कधीच नाही? पावसाळ्यातसुद्धा?”

“पावसाळा काय न् उन्हाळा काय. नाय म्हंजे नाय.”

“शेजारच्या घरांत?”

“सातीच्या सात घरांत नाय. वरच्या वाडीत येतं. आमच्यापातूर नाय पोचत.”

मी लिहिलं. आजी मान पुढं काढून टॅबकडे बघत होत्या. “लिवलंस ना नीट?”

“लिहिलं, आजी.”

“मंग आता व्हईल कायतरी,” असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना पळसाच्या पानावर मूठभर करवंदं दिली. आपल्या घरात पूर येत नाही याचा म्हातारीला केवढा आनंद, असं मनाशी म्हणत मी ती करवंदं खात खात स्कूटीपाशी आले. संध्याकाळी घरी येऊन तो काळा डाग मी ‘भातशेती’ म्हणून बाजूला काढला आणि पुढच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहणी झाली’ अशी नोंद केली. वरची वाडी निळी, खालचा पाडा पांढरा.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी नदी फुगली. इशारा आदल्या दिवशीच आला होता. फोन गेले, वरच्या वाडीतली माणसं मुलाबाळांना, शेळ्यांना घेऊन शाळेत जाऊन बसली. खालच्या पाड्याला फोन आला नाही, म्हणून तिथं कुणी हललं नाही. नऊच्या सुमारास पाणी मागच्या अंगणात आलं आणि बघता बघता कमरेला लागलं. सहा घरांतली माणसं एकमेकांचे हात धरून रस्त्यावर चढली. उरलं ते करवंदं देणाऱ्या आजींचं घर. तिथं सासू, सून आणि सुनेची धाकटी मुलगी, एवढ्याच होत्या. मुलगा कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. सुनेनं मुलीला आधी रस्त्यावर पोचवलं आणि सासूला न्यायला परत वळली. तोवर घराची मागची भिंत भिजून आत पडली होती. मातीच्या कच्च्या विटांची भिंत होती. पाणी तासा-दोन तासांत उतरलंसुद्धा.

वरच्या वाडीत पाण्याचा थेंब शिरला नाही. उगाच पळवलं आम्हाला, म्हणून ती माणसं कुरकुरत घरी गेली.

मला हे दुसऱ्या दिवशी प्रमुखांच्या फोनवरून कळलं. त्यांनी फक्त विचारलं, “तिथं तुम्ही स्वतः गेला होतात ना?” मी हो म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. वाटलं, उपग्रहाच्या नव्या चित्रात तरी काही दिसेल. उपग्रह तिथून गेला तो पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी. चित्रात सगळं नेहमीसारखं होतं. तो यायचा त्याच्या वेळेला, पाणी यायचं त्याच्या वेळेला. वरून बघणाऱ्याच्या लेखी तिथं काही घडलंच नव्हतं.

आठवडाभरानं मी पाड्यावर गेले. का गेले, खरंच सांगता येणार नाही. घरी बसवेना, एवढं खरं. मागची भिंत नव्हती, तिथं ताडपत्री बांधली होती. निळ्या कोटातली तसबीर पुसून उन्हात टेकवून ठेवली होती. सुनेनं मला ओळखलं. “नळवाल्या म्याडम ना तुमी?” ती म्हणाली.

मला आधी कळेचना. “कसला नळ?”

“तुमी गेल्यापासनं आई सारख्या तेच सांगायच्या. म्याडम लिवून घेऊन गेल्यात, आता आपल्यालाबी नळ येनार. ह्यांच्या मागं लागून ओटा बांधून घेतला.” तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. सिमेंटचा हातभर उंच ओटा होता, नवा कोरा, पाणी वाहून जायला कडेनं पन्हळ काढलेली. पुरानं त्याला काही केलं नव्हतं.

मी त्या ओट्याकडे बघत उभी राहिले. घरात पाणी येतं का? नाय गं बाय. वरच्या वाडीत येतं, आमच्यापातूर पोचत नाय. अगं बये! वरच्या वाडीत येतं आणि खालच्या पाड्यात पोचत नाही, असं पाणी जगात एकच असतं, नळाचं. नदीचं पाणी आधी खाली भरतं, हे पाचवीतलं पोरही सांगेल. आणि माझ्याकडे भूगोलाची पदवी आहे. बरं, आमच्या इमारतीत रोज सकाळी साडेसहाला शेजारीण जिन्यातून ओरडते, “पाणी आलं गं!” आणि मी पिंप भरायला धावते. जन्मभर मी स्वतः ते शब्द त्याच अर्थानं वापरत आले. त्या एका दुपारी मात्र ते शब्द फक्त माझ्या कागदाचे झाले होते.

तेव्हा मी सुनेला खरं काय ते सांगितलं नाही. काळजी घ्या वगैरे काहीतरी पुटपुटले आणि पळून आले. भ्याले, दुसरं काय.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. शेजारणीची सकाळची हाक आली, की मी नवऱ्याला पिंप भरायला पाठवायचे. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसले. नकाशाची फाईल बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, बदल जतन करायचे का? मला ऐकू यायचं, लिवलंस ना नीट? स्पष्ट, त्या आवाजात, जवळ बसून विचारल्यासारखं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण फाईल बंद करायची मला धास्ती वाटू लागली. लॅपटॉप उघडा ठेवूनच मी स्वयंपाकाला लागायचे आणि येता-जाता तो काळा डाग बघायचे. इतका बघितला, की डोळे मिटले तरी त्याची कडा दिसायची. त्या कडेच्या आतच सात घरं होती. रडारनं एक वर्ष आधी खरं तेच दाखवलं होतं आणि मी ते पुसलं होतं.

पावसाळा संपल्यावर प्रमुखांनी बोलावलं. यादी पुढच्या पावसाआधी नव्यानं करायची होती. माणूस भला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अहवालात लिहू या, की घरं लहान असल्यामुळे उपग्रहाच्या चित्रात नीट दिसली नाहीत. तंत्राची मर्यादा. खोटंही नाही ते.”

सुटकेचं दार उघडंच होतं, मला फक्त बाहेर पडायचं होतं. आणि खरं सांगते, मी क्षणभर पाऊल उचललंही. मग लक्षात आलं, की दोष उपग्रहावर ढकलला तर तो पाडा कदाचित निळा होईल, पण माझा प्रश्न तसाच राहील. तोच प्रश्न मी दोन्ही तालुक्यांत विचारत फिरले होते. प्रत्येक ‘नाही’च्या मागं एक कोरडा नळ असू शकत होता आणि प्रत्येक ‘हो’च्या मागं एक वाहता. ती सगळी यादीच उलटीपालटी होती, आणि जून काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

“सर, चित्र बरोबर होतं,” मी म्हटलं. “मी चुकले.” आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी जुनी यादी पुढं ओढून पहिल्यापासून चाळली. मग म्हणाले, “पुन्हा सगळीकडे जावं लागेल.”

“जाते ना.”

आता विचारायचं कसं, हे मात्र मी स्वतः ठरवलं नाही. कळंबच्या बाजूच्या एका वस्तीत बायका धुणं धूत होत्या, त्यांनाच विचारलं, की पुराचं पाणी घरात आलं तर तुम्ही काय म्हणता? एकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच खुळी. “नदी आली म्हनतो,” ती म्हणाली. “दुसरं काय म्हननार?”

मग मी घरोघर तेच विचारत गेले. नदी येते का? लोक तोंडानं उत्तर देत नसत. हात पुढं करून स्वतःच्या अंगावर दाखवत, इथपर्यंत. कुणी पोटरीला हात लावायचं, कुणी कमरेला. भिवपुरीकडच्या एका आजोबांनी हनुवटीला लावला आणि हसले. आदल्या वर्षी त्यांनीच मला ‘नाही’ सांगितलं होतं. किती पांढऱ्या वस्त्या निळ्या झाल्या ते मी सांगत नाही, मला तो आकडा आठवायचाही नाही.

सात घरांच्या पाड्यावर मी सगळ्यांत शेवटी गेले, फेब्रुवारीत. भिंत नवी उभी राहिली होती, ह्या वेळी भाजलेल्या विटांची. नळ अजून आला नव्हता. सून नुकती हंडे घेऊन आली होती, ते तिनं ओट्यावर मांडले. नवरा कंपनीतून यायला अवकाश होता. मी पडवीत बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. मी नळाची बाई नव्हते. मी पुराचं विचारायला आले होते. आजी नळाचं सांगत होत्या आणि मी पुराचं लिहीत होते. त्यामुळे तुम्हाला फोन आला नाही. माझी चूक.

ती पदरानं हात पुसत ऐकत होती. मला वाटलं, आता ओरडेल, रडेल, निघा म्हणेल. मी त्याची तयारी करून आले होते.

“म्याडम,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “मला तवाच कळलं व्हतं.”

“काय?”

“तुमी नदीचं इचारताय ते. तुमच्या हातातल्या मशीनवर नदीचं चित्र व्हतं ना, ते मागनं दिसत व्हतं. मी उठनार व्हते सांगाया.”

“मग?”

“आई लय खूश दिसल्या. आनि...” ती हंड्यांकडे बघत राहिली. “रोजच्या सहा खेपा करते मी. नळ आला तर मलाच सुटका. म्हनलं, पानी नाय येत म्हनून लिवलं जातंय तर लिवू दे. फोनाचं, यादीचं मला काय ठावं?”

ती पडवीच्या कडेला टेकली. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण हात पुढं होईना. स्वतःला दोष देऊ नकोस असं तिला म्हणायला मी कोण? ती रोज त्या खेपा करताना काय काय ऐकत असेल, हे मला आता कळत होतं. माझ्या कानात आजींचं एकच वाक्य होतं. ती तर त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं राहत होती.

फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. ती घाईनं उठली. “तुमचं सांगा ह्यांना,” ती कुजबुजली. “माझं नका सांगू.”

तो आला, हातपाय धुऊन समोर बसला. मी माझं सगळं पुन्हा सांगितलं. कागद, प्रश्न, यादी. सून चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. शेवटी मान वर करून त्यानं विचारलं, “आई अडानी व्हती, तिला नसंल समजलं. पन तवा घरात दुसरं कुनीच नव्हतं का, तिला सांगायला?”

चौकटीशी कपबशी किणकिणली.

“नाही,” मी म्हटलं. “आजी आणि मी. दोघीच होतो.”